लाकडी ख्रिसमस पिरॅमिड फिरत नाही, अडकतो, डुगडुगतो: दर डिसेंबरचं दुखणं आणि इलाज

पहिला ॲडव्हेंट (ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांतला पहिला) जवळ आला की इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, मराठी मंडळींचे मेसेज यायला लागतात आणि तक्रार दर वर्षी तीच, गेल्या डिसेंबरात झकास फिरत होता, यंदा तळघरातून काढला, पुसला, चार मेणबत्त्या लावल्या आणि ढिम्म. किंवा फिरतो पण पाच मिनिटांत दमतो. किंवा डुगडुगत फिरतो आणि दर वेळी त्याच जागी येऊन थांबतो. मग लोक काय करतात, तर आणखी जाड मेणबत्त्या आणतात, पात्या पिरगळतात, दांड्याखालच्या सुईला तेल घालतात, आणि तेलामुळे दोन दिवस फिरतो आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त रुसतो.

ज्यांनी हा प्रकार बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जर्मनीच्या पूर्वेला सॅक्सनी राज्यात, चेक सीमेला लागून एर्झगेबिर्गे नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथे फ्रायबर्गला ११६८ मध्ये चांदी सापडली आणि मग शेकडो वर्षं चांदी, कथील असं खणणं चाललं. खाणी रोडावल्या तशी झायफेनसारख्या गावांतली माणसं कातारकामाकडे वळली आणि लाकडी खेळणी, बाहुल्या, मेणबत्त्यांच्या कमानी हे सगळं तिथून जगभर जायला लागलं. या खाणपट्ट्याला २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्याच कारागिरीतला हा पिरॅमिड, मधे एक उभा दांडा, त्यावर एक-दोन-तीन मजल्यांच्या गोल थाळ्या, थाळ्यांवर छोट्या मूर्ती, आणि वर लाकडी पात्यांचं चाक. खाली मेणबत्त्या लावल्या की गरम हवा वर जाते, चाक फिरतं, चाकाबरोबर दांडा आणि थाळ्या फिरतात. खाणीतून माल वर ओढायला घोडे जुंपून जो मोठा रहाट फिरवायचे त्याच्यावरून हा आकार आला असं तिथे सांगतात. डिसेंबरात इथे चार वाजताच अंधार पडतो त्यामुळे घरोघरी खिडकीत दिवे असतात, आणि ड्रेस्डेनच्या ष्ट्रीट्सेलमार्क्ट या ख्रिसमस बाजारात तर (हा बाजार १४३४ पासूनचा आहे) १४ मीटरहून उंच पिरॅमिड उभा असतो. अर्थात तो मोटरवर फिरतो, मेणबत्तीवर नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी तो विकत न घेता घरीच केलाय, कारण झायफेनचा हातकामाचा पिरॅमिड घ्यायचा म्हणजे खिशाला चांगलीच चाट. प्लाय, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा गोल दांडा, थोडा लाकडाचा गोंद, बाल्कनीत बसून कापाकापी. मूर्ती मात्र आपापल्या. खालच्या मजल्यावर वारकऱ्यांची दिंडी, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेली बाई, आणि वरच्या मजल्यावर इथला खाणकामगार हातात दिवा घेऊन, असे दोन-तीन पिरॅमिड मी स्वतः दुरुस्त केलेत. दिंडी फार गोड दिसते. पण ती दिंडी दुरुस्तीच्या दृष्टीने थोडी नाठाळ आहे, ते पुढे येईलच.

आता मुद्द्याचं. यात जोर किती कमी असतो याचा अंदाज आधी घ्या म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. साध्या टीलाइटमध्ये (धातूच्या छोट्या वाटीतली बुटकी मेणबत्ती) साधारण १४ ग्रॅम मेण असतं आणि ते ४ तास जळतं, म्हणजे एका टीलाइटची उष्णता साधारण ४० वॅट, चारांची दीडशेच्या वर. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्यातली जवळजवळ सगळी खोलीत नुसतीच पसरते आणि चाक फिरवायला जी उरते ती इतकी नगण्य असते की बोटाच्या नखाने अडवलं तरी चाक थांबतं. म्हणून जोर वाढवायच्या मागे लागू नका. अडथळा कमी करा. न फिरणाऱ्या पिरॅमिडमध्ये दहातल्या नऊ वेळा मेणबत्तीचा काही दोष नसतो, कुठेतरी काहीतरी घासत असतं.

त्यामुळे सगळ्यात आधी मेणबत्त्या काढून ठेवा, पंखा-हीटर-खिडकी बंद करा आणि चाकाला बोटाने हलकेच एक टिचकी द्या. आणि मग हात न लावता नुसतं बघत बसा. चांगला पिरॅमिड अर्धा मिनिट तरी आरामात फिरत राहतो, हळूहळू मंदावतो आणि कुठेही थांबतो, त्याला ठरलेली जागा नसते. दोन-चार फेऱ्यांतच पण सावकाश, न अडखळता थांबला तर दांड्याखालची सुई किंवा ती जिच्यात टेकते ती वाटी खराब. फिरता फिरता एकदम अडकून थांबला, जणू कोणी धरला, तर काहीतरी आपटतंय किंवा घासतंय. आणि थांबायच्या आधी थोडा उलटा झुलला, मागेपुढे मागेपुढे करून एका जागी स्थिर झाला, तर वजनाचा तोल गेलाय आणि टेबलही तिरकं आहे. ही टिचकी दिल्याशिवाय पात्यांना हात लावू नका, प्लीज, कारण एकदा पात्यांचे कोन बिघडवले की मग मूळ दुखणं कोणतं आणि आपण केलेलं कोणतं हेच कळेनासं होतं.

सुई आणि वाटी. सगळा डोलारा खाली एका टोकावर उभा असतो. दांड्याच्या बुडात पोलादी सुई ठोकलेली असते आणि ती सुई तळातल्या छोट्या काचेच्या नाहीतर चिनीमातीच्या वाटीत टेकते. विकतच्या पिरॅमिडला वाटी नीट असते, घरी केलेल्यात लोक नाना तऱ्हा करतात, कोणी टिचबटणाचा खळगा वापरतं, कोणी टोपीचा नट उलटा बसवतं, आणि एका काकांनी तर नुसता लाकडातच खड्डा केला होता. लाकडातला खड्डा चालत नाही, पहिल्या वर्षी फिरतो, मग सुई त्यात रुतत जाते, खड्डा खोल होतो आणि सुईच्या कडा लाकडाला घासायला लागतात. टिचबटण लहान पिरॅमिडला ठीक आहे. पण दोन मजले असतील तर सरळ काचेची वाटी मागवा, हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात सुई आणि वाटी जोडीने मिळते आणि फार महाग नसते.

तपासायचं कसं, तर दांडा वर उचलून बाहेर काढा, सुईचं टोक नखावर हलकेच ओढून बघा. नखावर बारीक ओरखडा उठला आणि टोक एकसारखं सरकलं तर ठीक. खरखर लागली तर टोक बोथट झालंय किंवा गंजलंय. तळघरात दहा महिने राहिलेल्या सुईवर गंज हमखास असतो, डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, तपकिरी ठिपके दिसतील. ६०० मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर सुई फिरवत फिरवत घासायची, दांडा ड्रिलमध्ये धरता आला तर उत्तमच, टोक एकदम टोकदार करायचं नाहीये, किंचित गोलसर आणि गुळगुळीत पाहिजे कारण अतिटोकदार सुई काचेला चरा पाडते. मग वाटी. कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून वाटीत फिरवा, काडी काळी होऊन आली की समजा निम्मं काम झालं. ती काजळी आणि धूळ आणि मेणाची वाफ मिळून चिकट लेप होतो, गरम असताना तो मऊ असतो म्हणून गेल्या जानेवारीत पिरॅमिड फिरत होता, थंड झाल्यावर तो वाटीत घट्ट बसला.

तेलाचं विचारतात. माझं मत, घालू नका. काही जण शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सांगतात आणि त्याने लगेच फरक पडतोही, पण तेल म्हणजे काजळीला आवतण, आठवड्याभरात तिथे खळ तयार होते. काच आणि गुळगुळीत पोलाद कोरडंच छान फिरतं. फारच वाटलं तर शिसपेन्सिलीच्या टोकाची पूड चिमूटभर, बस.

आता वरचा भाग, जो कोणी बघतच नाही. दांडा खाली सुईवर टेकतो पण वर तो एका भोकातून जातो, छताच्या पट्टीतून किंवा वरच्या कड्यातून, म्हणजे तो आडवा पडू नये. हे भोक घरी केलेल्या पिरॅमिडमध्ये नेहमी घट्ट असतं कारण आपल्याला सवय असते की भोक आणि दांडा एका मापाचे पाहिजेत. इथे नको. ६ मिलिमीटरचा दांडा असेल तर भोक ७ चं ठेवा, आणि शक्य असेल तर दांड्याचा तेवढाच भाग कानशीने उतरवून बारीक करा, कारण जितक्या बारीक ठिकाणी घासेल तितका अडथळा कमी. पितळी रिंग किंवा मोठ्या भोकाचा मणी बसवला तर आणखी छान. दुसरं म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे दरवाजे फुगून बसतात तसा हा दांडाही फुगतो, इथली तळघरं उन्हाळ्यात दमट असतात, तिथून काढून सरळ लावला की दांडा भोकात आवळलेला असतो. दोन दिवस खोलीत नुसता ठेवून द्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतो. घाईत भोक मोठं करायला गिरमिट घेऊन बसू नका.

दांडा मुळात सरळ आहे का हेही बघाच. बाऊमार्क्टमधला (बांधकाम-सुतारकामाच्या सामानाचं मोठं दुकान) बीचचा गोल दांडा दिसायला सरळ दिसतो पण काचेच्या टेबलावर लोळवला की खाली फट दिसते, फट उघडझाप करते म्हणजे वाकडा. वाकडा दांडा सरळ करायच्या भानगडीत पडू नये, दुसरा आणावा, दुकानातच फरशीवर लोळवून चार-पाचातून एक निवडावा, लोक बघतात, बघू देत. सुई बुडाच्या बरोबर मधोमध आहे का ते कळायला दांडा जागेवर बसवून बाजूला पेन्सिल स्थिर धरा आणि दांडा सावकाश फिरवा, पेन्सिलीची खूण एकाच बाजूला उमटली तर सुई मधे नाही. मग ती उपटून, भोकात गोंद लावलेली काडी ठोकून, वाळल्यावर नव्याने भोक पाडायचं. कंटाळवाणं काम आहे पण डुगडुगण्याचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

एकाच जागी येऊन थांबतो, हे दुखणं सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि त्याचं निदान सगळ्यात जास्त चुकतं. तोल गेलेला पिरॅमिड एकदम सपाट टेबलावर ठेवला तर तो विशिष्ट जागी थांबत नाही. आणि तोल नीट असलेला पिरॅमिड थोड्या तिरक्या टेबलावर ठेवला तरी तोही विशिष्ट जागी थांबत नाही. दोन्ही एकत्र आलं, म्हणजे थाळीची एक बाजू जड आणि टेबल तिरकं, की जड बाजू उताराकडे जाऊन बसते. म्हणून आधी पाणसळ लावा, मोबाइलमधली चालेल, तळाच्या पाटीवर दोन्ही दिशांनी ठेवून बघा आणि पायाखाली पुठ्ठा सारून पातळी करा. इथल्या जुन्या घरांतल्या लाकडी जमिनी सपाट नसतातच. बऱ्याच पिरॅमिडचा आजार या एका पुठ्ठ्याने जातो.

पण मूळ तोल काढायचा असेल तर उलटं करा, मुद्दाम तिरका करा. एका पायाखाली बऱ्यापैकी जाड पुठ्ठा घाला आणि टिचकी द्या, जी बाजू खाली जाऊन थांबेल ती जड. तिच्या बरोबर समोर थाळीच्या खालून थोडं वजन चिकटवायचं. मी एक सेंटचं नाणं वापरतो, ते २.३ ग्रॅमचं असतं, जास्त लागलं तर दोन सेंटचं ३ ग्रॅमचं, आधी दुहेरी टेपने लावून बघायचं, जमलं की गोंद. नाणं कडेकडे सरकवलं की त्याचा परिणाम वाढतो, मधाकडे आणलं की कमी होतो, त्यामुळे वजन बदलायच्या आधी जागा बदलून बघा.

इथेच ती दिंडी नाठाळपणा करते. ख्रिस्तजन्माच्या देखाव्यात मेंढपाळ, उंट, तीन राजे असे साधारण सारख्या वजनाचे मोहरे गोलाकार लावलेले असतात. दिंडीत वीणेकरी पुढे, मागे टाळकरी, मग पताका, आणि नैसर्गिक दिसावी म्हणून लोक सगळी दिंडी थाळीच्या एका अर्ध्यात लावतात आणि दुसऱ्या अर्ध्यात एकटं तुळशीवृंदावन. दिसतं सुंदर, फिरत नाही. एकतर दिंडी पूर्ण गोल करा किंवा रिकाम्या बाजूला झाडं, देऊळ काहीतरी ठेवा. आणि पताका कापडाच्या नकोत, कागदाच्या सुद्धा मोठ्या नकोत, फिरताना त्या हवा अडवतात, आणि वरच्या मजल्याच्या खांबांना लागल्या तर तीच ती एकदम अडकण्याची तक्रार. लाकडाची पातळ ढलपी रंगवून छोटी पताका करा.

फिरायची दिशा हा आणखी एक किस्सा. पात्या ज्या बाजूला कललेल्या त्यावर दिशा ठरते, आणि मूर्ती ज्या दिशेला तोंड करून चिकटवल्या त्याच्या उलट पिरॅमिड फिरला तर अख्खी दिंडी पाठमोरी चालते, पंढरपूरकडे पाठ करून. मूर्ती उपटू नका. सगळ्या पात्या त्याच कोनात उलट्या बाजूला कलवा, झालं. म्हणून पात्या पहिल्यांदा बसवताना गोंद लावू नये, मधल्या गोल ठोकळ्याच्या भोकांत त्या नुसत्या घट्ट बसल्या पाहिजेत, फिरवता आल्या पाहिजेत.

आता पात्या. सुई, भोक, पातळी, तोल हे सगळं झाल्यावरच पात्यांकडे या. जमिनीशी ४५ अंशांपासून सुरुवात करा, पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून तो प्रत्येक पातीला लावून बघा, गुण्या वापरतो तसाच. नजरेने लावलेल्या पात्यांमध्ये एक तरी आडवी पडलेली असते आणि ती बाकीच्यांचं काम खाते. पाती फारच आडवी असेल तर गरम हवा तिला खालून नुसती दाबते, फारच उभी असेल तर हवा शेजारून निघून जाते. ४५ वरून थोडं थोडं खाली आणत ३५ पर्यंत बघा, कुठेतरी सगळ्यात बरा वेग सापडेल, प्रत्येक पिरॅमिडचा वेगळा असतो. पाती १ ते दीड मिलिमीटर जाड पुरे, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची पातळ फळी किंवा मॉडेलवाल्यांकडचा पातळ प्लाय. ३ मिलिमीटरच्या प्लायच्या पात्या करून वर दोन हात वॉर्निश चढवलेलं चाक मी हातात घेतलंय, ते चाक नव्हतं, वरवंटा होता. आणि रंग किंवा वॉर्निश लावायचंच असेल तर दोन्ही बाजूंना सारखं लावा, एकाच बाजूला लावलं की पाती वाकते, खाली मेणबत्ती पेटली की आणखी वाकते.

सुरुवातीला जोरात फिरतो आणि मग मंदावतो, याची दोन कारणं. एक म्हणजे मेणबत्ती जळून खाली जाते तशी ज्योत चाकापासून लांब जाते आणि चाकापर्यंत पोचणारी हवा थंड होते, हे नैसर्गिक आहे, त्यात बिघाड नाही. दुसरं म्हणजे मेणबत्त्या दांड्याच्या फार जवळ आहेत. गरम हवा पात्यांच्या बाहेरच्या तिसऱ्या भागाला लागली पाहिजे, ठोकळ्याजवळ लागली तर चाक फिरवायला तिला ताकदच मिळत नाही, हापसा दांड्याच्या टोकाला धरून मारतात, खिळीजवळ नाही. वरून बघा, पातीचं टोक आणि ज्योत साधारण एका उभ्या रेषेत दिसली पाहिजे, ओळंबा सोडून बघितलं तर नक्की कळेल. छोट्या पिरॅमिडला इथे मिळणाऱ्या १४ मिलिमीटर जाडीच्या पिरॅमिड-मेणबत्त्या बऱ्या, मोठ्याला १७ च्या. टीलाइट स्वस्त पडतात पण त्यांची ज्योत बुटकी असते आणि सुरुवातीपासूनच चाकापासून लांब. आणि दर वर्षी कोणीतरी विचारतंच म्हणून, एलईडीच्या मेणबत्त्यांवर हा फिरणार नाही. गरम हवाच नाही तर फिरेल कशाने. एलईडी पाहिजेत तर खाली छोटी मोटर बसवा, पण मग ती मजा नाही.

खोलीतल्या हवेकडेही लक्ष द्या. पिरॅमिड खिडकीत ठेवायची पद्धत आहे आणि इथे खिडकीखालीच हीटर असतो, त्यामुळे काही वेळा मेणबत्ती न लावताच तो फिरायला लागतो आणि लोक खुश होतात, आणि मग मेणबत्ती लावली की हीटरची हवा आणि ज्योतीची हवा एकमेकांत मिसळून ज्योत फडफडते, मेण ओघळतं, काजळी धरते. पडदा, कोरडी माळ, कागदाचा आकाशकंदील (दिवाळीचा काढायचा राहिलेला असतोच) यापासून लांब ठेवा, ज्योतीखाली पितळी वाटी असूदे आणि खोलीत कोणी नसताना पेटता सोडू नका, पातीवर तपकिरी डाग दिसला तर चाक वर घ्या किंवा मेणबत्ती बदला. पुण्या-मुंबईत कोणी करत असेल तर सीलिंग फॅन बंद, एवढंच. तिकडे थंडी कमी म्हणून फिरणार नाही असं काही नाही, ज्योतीच्या वरची हवा खोलीपेक्षा कितीतरी गरम असते. मूर्तींना मात्र सागवानाचे तुकडे वापरू नका, जड होतात. सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याच्या लाकडाची करायचे ती हलकी असतात म्हणून, तसं काहीतरी हलकं बघा.

राहिला मूळ प्रश्न, गेल्या वर्षी फिरत होता मग यंदा का नाही, आणि यंदा नीट केला तरी पुढच्या वर्षी परत का. लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. तळघरात ६० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ११ टक्के पाणी असतं, आणि डिसेंबरात हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत आर्द्रता ३०-३५ वर येते तेव्हा ते ६-७ टक्क्यांवर येतं. आता थाळी जर अख्ख्या लाकडाची, समजा २० सेंटीमीटर रुंद असेल तर एवढ्या फरकात ती रेषांच्या आडव्या दिशेने २ मिलिमीटरच्या आसपास आकसते, आणि रेषांच्या दिशेने जवळजवळ काहीच नाही. म्हणजे गोल थाळी किंचित लंबगोल होते, बहुतेक वेळा वाटीसारखी वाकतेही, कड खाली येते आणि खालच्या खांबाला लागते. तुम्ही ती घासून कमी करता, चालते. मार्चमध्ये तळघरात जाते, परत फुगते, पुढच्या डिसेंबरात दुसरीकडे वाकते. हे दर वर्षी चालूच राहणार, कारण दुरुस्ती थाळीच्या कडेची होते आणि दुखणं लाकडाच्या जातीत आहे.

त्यावर कायमचा उपाय म्हणजे फिरणाऱ्या थाळ्या अख्ख्या लाकडाच्या न करता बर्चच्या प्लायच्या करा, ४ मिलिमीटर पुरतो, थर एकमेकांना आडवे असल्याने तो जागचा फारसा हलत नाही. कड दिसायला नको असेल तर पातळ लाकडी पट्टी चिकटवा. खांब, कठडे, मूर्ती हे अख्ख्या लाकडाचे राहूदेत, ते थोडे आकसले तरी काही बिघडत नाही. आणि थाळीची कड आणि खांब यांच्यात ४-५ मिलिमीटर फट ठेवा. घरच्या पिरॅमिडमध्ये ही फट दिसायला बरी नाही म्हणून लोक कमी ठेवतात आणि मग दर वर्षी कानस घेऊन बसतात.

थाळी दांड्याला काटकोनात नसेल तर फिरताना तिची कड वरखाली होते. दांड्यावर थाळीच्या खाली लाकडाची एक जाड चकती आधी गुण्याने नीट काटकोनात चिकटवा आणि थाळी तिच्यावर टेकवा, नुसत्या ४ मिलिमीटर जाडीच्या प्लायमधल्या भोकाच्या भरवशावर ती सरळ राहत नाही.

आणि ठेवणं. एर्झगेबिर्गेत बरेच जण २ फेब्रुवारीपर्यंत पिरॅमिड ठेवतात, तुम्ही ६ जानेवारीला काढलात तरी चालेल, पण काढताना लगेच काढा, मेण मऊ आहे तोवर. वाटी स्पिरिटने पुसायची, सुईचं टोक बाटलीच्या बुचात खुपसून ठेवायचं म्हणजे टोकही जपलं जातं आणि डब्यातल्या मूर्तींना टोचतही नाही. चाकाच्या पात्या तशाच कोनात ठेवून चाक वेगळ्या खोक्यात, त्यावर काही रचायचं नाही. मूर्ती मोजून, थाळीवर खालून पेन्सिलीने आकडे टाकून, म्हणजे पुढच्या वर्षी वीणेकरी त्याच्याच जागी बसेल आणि नाण्याचा तोल बिघडणार नाही. खोकं तळघरात नाही, कपाटाच्या वर, राहत्या खोलीत. जागा नसेल आणि तळघरच असेल तर झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या आणि बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका, आणि ॲडव्हेंटच्या आधी चार-पाच दिवस वर आणून झाकण उघडून ठेवा, मग टिचकी देऊन बघा.